मोबाइल मोजायला, बघायला नाही: वर्गातल्या प्रकल्पाच्या नोंदी

२ जुलै

प्रकल्पाला आज मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. मुलांनी घरून फोन आणायचा नाही, तास संपला की सगळे फोन कपाटात, आणि कोणता धडा कसा झाला हे लिहून ठेवायचं, या अटींवर. शेवटच्या अटीमुळे ही वही.

प्रश्न मुद्दाम छोटा ठेवला आहे. नववीच्या विज्ञानात अशा कोणत्या जागा आहेत, जिथं खडू, फळा, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच यांना जमत नाही ते फोनला जमतं? व्हिडिओ बघणं, धड्याची पीडीएफ वाचणं, फळ्याचा फोटो काढणं हे प्रकल्पात नाही. व्हिडिओ दाखवायचाच तर मोठ्या पडद्यावर दाखवावा, मध्येच थांबवून विचारता येतं, ‘आता पुढं काय होईल?’ हातातल्या फोनवर तोच व्हिडिओ प्रत्येक जण एकेकटा बघतो.

फोनच्या पोटात त्वरणमापक असतो, चुंबकमापक, जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा), प्रकाशसंवेदक, मायक्रोफोन असतो, काहींमध्ये वायुदाबमापकही. प्रयोगशाळेसाठी हे एकेक करून मागवायला गेलो असतो तर माझी निवृत्ती आली असती. तेव्हा फोन म्हणजे उपकरणांचा डबा, एवढंच धरून चालायचं.

स्टाफरूममध्ये विरोध झाला आणि तो बिनबुडाचा नाही. फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोन बंद केले, हे एका सहकाऱ्यांनी ऐकवलं. खरं आहे. त्याच कायद्यात शिकवण्यासाठीच्या वापराला सूट आहे, हे मी ऐकवलं. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषय तंत्रज्ञानच होता. शिकण्याला खरोखर हातभार लागत असेल तिथंच ते वापरा, असा त्याचा सूर. त्यावर आम्हा दोघांचंही एकमत झालं. ‘खरोखर’ कशाला म्हणायचं, यावर मधली सुट्टी संपली.

५ जुलै

सहकाऱ्यांकडून जुने फोन जमवले. कुणाची काच तडकलेली, कुणाचा कॅमेरा धूसर. आपल्याला चालतात. एका फोनची पाठ उचलली गेली होती, म्हणजे आतली बॅटरी फुगलेली. तो लगेच बाजूला काढला. फुगलेली लिथियम बॅटरी मुलांच्या हातात द्यायची नाही, आणि ती साध्या कचऱ्यातही टाकायची नाही.

बाकीच्यांची तयारी: सिम काढलं, फोन पूर्ण रिसेट केला, कुणाचंही वैयक्तिक खातं ठेवलं नाही. फ्लाइट मोड चालू, गरज पडेल तेव्हाच वायफाय. अॅप पिन केलं की मुलांना त्यातून सहज बाहेर पडता येत नाही; अँड्रॉइडमध्ये ही सोय ५.० आवृत्तीपासून आहे, आयफोनवर ‘गाइडेड अॅक्सेस’ तेच काम करतं. प्रत्येक फोनच्या पाठीवर क्रमांकाची चिकटपट्टी. ती पुढं फार उपयोगी पडेल, कारण कोणतं मोजमाप कोणत्या फोनचं, हे वहीत लिहायला लावणार आहे.

अॅप ‘फायफॉक्स’. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं २०१६ मध्ये काढलेलं, मोफत, खातं मागत नाही, इंटरनेट नसतानाही चालतं. संवेदकाचे कच्चे आकडे देतं आणि तक्ता म्हणून बाहेरही काढून देतं. शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं. जे अॅप थेट उत्तर सांगतं, ते मुलांच्या वाट्याचं काम खाऊन टाकतं.

१० जुलै

पहिला तास. चौघांत एक फोन. फोन टेबलावर आडवा ठेवा आणि त्वरण वाचा, इतकंच काम. त्याआधी वहीत अंदाज लिहायचा. जवळजवळ सगळ्यांनी शून्य लिहिलं. फोन हलत नाही, मग त्वरण कुठलं?

पडद्यावर ९.८ च्या आसपास, म्हणजे गुरुत्वत्वरणाइतका आकडा.

‘बाई, बिघडलाय फोन.’ शेजारच्या गटाचाही बिघडला. मग सगळ्यांचाच. सगळे फोन एकाच पद्धतीनं कसे बिघडतील, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि तास सुरू झाला.

त्वरणमापक म्हणजे सिलिकॉनमधून कोरलेला एक अतिसूक्ष्म गोळा, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर धरलेला. गोळा सरकला की बाजूच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि त्यावरून आकडा निघतो. टेबल फोनला वर रेटून धरतं, आतला गोळा स्प्रिंगवर खाली झुकतो. फोन सरळ वर त्वरणानं जात असता तरी गोळा असाच झुकला असता. बिचाऱ्या संवेदकाला फरक कळायचा मार्ग नाही. मग आधार काढून घेतला तर? फोन उशीवर सोडला. आलेखात पडण्याचा तुकडा स्पष्ट दिसतो: रेघ जवळपास शून्याला टेकते, मग आपटल्याचा उंच सुळका. म्हणजे स्थिर असताना ९.८ आणि पडताना शून्य, मुलांनी मनाशी धरलेलं होतं त्याच्या बरोबर उलट.

हे पुस्तकातल्या वाक्यानं झालं नसतं. वाक्य पाठ होतं. इथं स्वतःच्या वहीतला शून्य समोर उभा होता.

तासाच्या शेवटी आणखी एक वाट फुटली, मी आखलेली नव्हती. एका गटाचा फोन ९.९२ दाखवत होता, दुसऱ्याचा ९.७६. ‘खरा कोणता?’ मी उत्तर दिलं नाही, फोन पालथा करून बघायला सांगितलं. पहिला फोन पालथा केल्यावर उणे ९.७०. एका मुलीनं दोन्ही आकडे शेजारी लिहिले, चिन्ह सोडून सरासरी काढली, ९.८१ आली. फरकाचा निम्मा ०.११, तेवढा तो फोन एका बाजूला कललेला. उपकरणाला स्वतःचा दोष असतो आणि तो त्याच उपकरणाकडून काढून घेता येतो, हे तिला सापडलं. ‘शून्य दोष’ हा भाग आम्ही व्हर्नियर कॅलिपरवर शिकवतो आणि तो कुणाच्याच लक्षात राहत नाही.

१५ जुलै

फोनचा आलेख माझ्या लॅपटॉपवर आणून पडद्यावर दाखवायचा होता. फायफॉक्समध्ये सोय आहे: एकाच नेटवर्कवर असलेल्या दुसऱ्या यंत्राच्या ब्राउझरमध्ये फोनचा पत्ता टाकायचा. पान उघडेना. शाळेच्या वायफायवर यंत्रांना एकमेकांशी बोलायला बंदी आहे. सुरक्षेसाठी तशी सेटिंग ठेवतात आणि ती योग्यच आहे. एका फोनचा हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप त्याला जोडला, काम झालं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

२२ जुलै

ध्वनीचा वेग. या प्रयोगासाठीच मी प्रकल्पाचा हट्ट धरला होता, असं म्हटलं तरी चालेल.

अॅपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: एका आवाजानं सुरू, पुढच्या आवाजानं बंद. दोन फोन एकमेकांपासून ५ मीटरवर. पहिल्या फोनजवळचा मुलगा टाळी वाजवतो, दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण दुसरं किंचित उशिरा. मग दुसऱ्या फोनजवळची मुलगी टाळी वाजवते; तिचं घड्याळ लगेच थांबतं, पहिल्याचं किंचित उशिरा. म्हणजे पहिला फोन लवकर सुरू होऊन उशिरा थांबतो आणि दुसरा उशिरा सुरू होऊन लवकर थांबतो. दोघांच्या वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला ५ मीटर जाऊन यायला, अर्थात १० मीटरला, लागलेला वेळ.

वर्गात जमेना. शेजारच्या वर्गाच्या आवाजानं घड्याळं आपोआप सुरू व्हायची. आवाजाची मर्यादा वाढवली, तरी बाक सरकला की गेलं. शेवटी व्हरांड्यात गेलो.

एका गटाची नोंद: पहिला फोन २.४३१ सेकंद, दुसरा २.४०२. फरक ०.०२९. दहाला त्यानं भागलं, ३४५ मीटर प्रति सेकंद. २० अंश सेल्सिअसला पुस्तकी मूल्य ३४३. व्हरांड्यात आरडाओरडा झाला, त्याबद्दल नंतर ऐकून घ्यावं लागलं.

चांगला प्रश्न आला: ‘दोन फोनांची घड्याळं जुळवलेलीच नाहीत, मग उत्तर बरोबर कसं?’ आकृती त्यांच्याकडूनच काढून घेतली. प्रत्येक फोन फक्त स्वतःच्या दोन आवाजांमधलं अंतर मोजतो. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टाळ्यांमध्ये किती वेळ गेला हेही वजाबाकीत उडून जातं. पद्धतीची खरी हुशारी याच वजाबाकीत आहे आणि ती फोनची नाही, माणसाची आहे. साधारण चाळीस मिनिटांत वर्ग तिथवर पोहोचला.

एका गटानं वहीत ३४३.२७ लिहिलं होतं. मी मोजलेल्या वेळा मागितल्या. चुळबुळ. मग सगळ्यांना गणित करायला लावलं: ०.०२९ मध्ये एक हजारांश सेकंद इकडेतिकडे झाला तर वेग किती हलतो? सुमारे बारा मीटर प्रति सेकंद. मग दशांश चिन्हापुढचे दोन आकडे कुठून आले? त्या गटानं हसत खोडून ‘सुमारे ३४०’ केलं. मला हे ‘सुमारे’ फार आवडलं.

३० जुलै

प्रकाशाचा व्यस्त वर्गाचा नियम. एका फोनची टॉर्च, दुसऱ्या फोनचा प्रकाशसंवेदक. आयफोन संवेदकाचा आकडा अॅपला देत नाही, त्यामुळे ते फोन फक्त टॉर्च झाले. संवेदक काचेच्या वरच्या कडेजवळ कुठंतरी लपलेला असतो. बोट फिरवून आकडा कुठं पडतो ते बघायचं, की जागा सापडते.

खोली पूर्ण काळोखी होत नाही. टॉर्च बंद असतानाचा ४० लक्स आधी मोजून प्रत्येक आकड्यातून वजा केला. २० सेंटिमीटरवर ६१०, ४० सेंटिमीटरवर १८२. वजाबाकीनंतर ५७० आणि १४२. अंतर दुप्पट, प्रकाश चौथाई. वजाबाकी न करणाऱ्या गटांना गुणोत्तर साडेतीनच्या खाली मिळालं आणि त्यांनी नियमावरच शंका घेतली. घेऊ दे.

६ ऑगस्ट

आज मुलांच्या हातात फोनच नाही. ‘प्लिकर्स’ची पद्धत: प्रत्येकाकडे छापलेलं एक कार्ड, त्यावर काळ्या चौकटींची नक्षी. कार्डाची जी बाजू वर धरली ते उत्तर. शिक्षकानं आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय धरलंय ते नोंदलं जातं. अक्षरं बारीक छापलेली असल्यानं शेजाऱ्याचं उत्तर बघून हात वळवता येत नाही. हात वर करायला लावलं की हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

प्रश्न: फोन सरळ वर उडवला. सर्वांत उंच जागी त्वरणमापक काय दाखवेल? पर्याय चार.

उत्तरं विखुरली. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात ‘सहाध्यायी चर्चा’ वापरली. त्यांचा ठोकताळा असा की बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर शिक्षकानं गप्प बसून मुलांना आपापसांत वाद घालू द्यावा. त्याहून कमी असतील तर विषय पुन्हा समजवावा, जास्त असतील तर पुढं जावं. आमची मधल्या पट्ट्यात होती. गप्प बसणं मला अवघड जातं. बसले.

‘वर गेल्यावर क्षणभर थांबतो ना, मग ९.८ दाखवेल, टेबलावर दाखवतो तसं.’ ‘अरे पण टेबल कुठंय तिथं?’ हा संवाद मी फळ्यावर लिहून ठेवला. पुन्हा कार्डं वर झाली तेव्हा बहुतेक उत्तरं शून्याकडे सरकली होती.

मग खात्री. दोन उशा मांडून फोन हलकेच वर उडवला. हात सोडेपर्यंत रेघ ९.८ च्या वर, हात सुटल्यापासून उशीला टेकेपर्यंत शून्याजवळ. वर जाताना, शिखरावर, खाली येताना सारखीच. फोन फिरू द्यायचा नाही, नाहीतर फिरण्याचं त्वरण मिसळतं आणि शून्य दिसत नाही. एका गटाचा फिरला आणि त्यांचा आलेख जास्त मजेशीर निघाला. जायरोस्कोपचा तास तिथून काढता येईल.

१३ ऑगस्ट

लक्ष विचलित होण्याबद्दल. अॅप पिन केलेलं असूनही फोन टेबलावर असला की नजर तिकडे जाते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की फोन आवाज बंद करून पालथा ठेवला, तरी तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांच्या तुलनेत स्मृतीच्या चाचण्यांत लोक मागे पडतात. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत दर वेळी तसाच परिणाम दिसला नाही. शास्त्रीय निकाल काहीही लागो, माझ्या वर्गात फोन दिसत असताना मी बोलत राहणं फुकट जातं.

आता क्रम असा: आधी वहीत अंदाज आणि कारण, मग फोनचा डबा उघडतो, मोजमाप, डबा बंद, मग आलेखावर चर्चा. तासातला बराच वेळ डबा बंदच असतो. स्टाफरूममधले विरोधक हे ऐकून जरा निवळले.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. प्रत्येक गटात एक जण फोन बळकावतो आणि बाकी तिघं त्याच्या खांद्यावरून बघतात. ते बहुधा मुलगे असतात, हेही लिहून ठेवते. कामं वाटून दिली: एक फोन धरेल, एक अंतर मोजेल, एक लिहील, आणि एकाचं काम फक्त शंका काढणं. दर प्रयोगाला कामं फिरतात. शंका काढणाऱ्याची जागा हळूहळू सर्वांत मागणीची झाली आहे.

२० ऑगस्ट

पडद्यावर पांढरं पान उघडायचं आणि बोटानं पाण्याचा अगदी बारीक थेंब मधोमध ठेवायचा. कडेला नाही, फटीतून पाणी आत जातं. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. पिवळं चित्र लावलं तर फक्त लाल आणि हिरवे. ‘पिवळा दिवा कुठाय?’ नाहीच. पिवळा डोळ्यात तयार होतो. वर्ग बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत होता.

टीव्हीच्या रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की जांभळट दिवा लुकलुकतो. नुसत्या डोळ्यांना अवरक्त किरण दिसत नाहीत. काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात ते गाळून टाकतात, तेव्हा पुढचा कॅमेरा वापरून बघायचा.

जीवशास्त्राच्या मॅडमनी हे ऐकून फोल्डस्कोप काढून आणला. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेला, २०१४ मध्ये जगासमोर आलेला घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक. फोनचा कॅमेरा त्याला जोडला की कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पूर्ण गटाला एकदम दिसतात. एकाच डोळ्यानं बघण्याच्या सूक्ष्मदर्शकात ‘दिसलं का?’ ‘हो’ असं होतं आणि काय दिसलं ते कुणालाच कळत नाही. इथं बोट ठेवून दाखवता येतं.

२८ ऑगस्ट

पालकसभा. ‘घरी आम्ही फोन काढून घेतो, तुम्ही शाळेत हातात देता.’ वाद घातला नाही. मुलांच्या वह्या उघडून दाखवल्या, ध्वनीच्या वेगाचं पान. एका वडिलांनी घरी करून बघण्यासाठी पद्धत लिहून घेतली.

फोन लागेल असा गृहपाठ देणार नाही, हे तिथंच जाहीर केलं. घरी फोन आहे का, कुणाचा, किती वेळ हातात येतो, हे घराघरात वेगळं असतं, आणि वर्गात मिळालेली बरोबरी गृहपाठानं मोडायची नाही. मुलांच्या चेहऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, फक्त उपकरणांचे. कॅमेऱ्याची स्थान नोंदवण्याची सेटिंगही बंद, कारण फोटोच्या फाइलमध्ये तो कुठं काढला हे लिहिलं जाऊ शकतं.

९ सप्टेंबर

लंबक. फोन दोरीला टांगून त्वरणाचा आलेख काढला आणि आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, मोजला. शेजारी दुसऱ्या गटानं साध्या स्टॉपवॉचनं २० आंदोलनं मोजली. १ मीटर लांबीला अपेक्षित आवर्तकाल २.०१ सेकंद. स्टॉपवॉचवाल्यांना ४०.१ सेकंद मिळाले, भागाकार २.००५. हाताचा उशीर पाव सेकंद धरला तरी वीसनं भागल्यावर तो नगण्य होतो.

फोनवाल्यांना आणखी चांगलं काही मिळालं नाही. उलट फोन जाड, त्यामुळे लांबी कुठून कुठं मोजायची हा घोळ. लंबकाच्या धड्यातून फोन काढून टाकला. वीस आंदोलनं मोजून भागण्यात जी युक्ती आहे, ती फोननं केलं तर शिकायलाच मिळत नाही.

१६ सप्टेंबर

वर्गात एका विद्यार्थिनीला दूरचं नीट दिसत नाही. पहिल्या बाकावर बसूनही फळा अर्धाच वाचते. तिला प्रकल्पातला एक फोन स्टँडवर लावून कायमचा दिला: कॅमेरा फळ्याकडे, चित्र मोठं केलेलं. डब्याचा नियम तिला लागू नाही. ‘तिला का?’ असा प्रश्न एकदा आला. चष्मा कुणाला का, असं मी विचारलं नाही. तिनंच त्या मुलाला कॅमेरा न वापरता तिच्याइतक्या अंतरावरून डोळे बारीक करून वाचायला लावलं.

२४ सप्टेंबर

सत्र परीक्षा फोनशिवाय झाली, नेहमीसारखी कागदावर. आलेख वाचण्याच्या प्रश्नांत फरक जाणवतो: अक्षांवरची नावं आणि एककं लिहिलेली, रेघ सपाट का आणि सुळका कशाचा याचं कारण दिलेलं. समीकरणं मांडण्यात फरक नाही. तो भाग फोननं होणार नव्हताच, त्याला वही आणि सरावच लागतो.

पुढच्या सत्रात राहतील: स्थिर आणि पडणारा फोन, ध्वनीचा वेग, प्रकाशाचा नियम, पाण्याचा थेंब, कार्डांची प्रश्नमंजूषा. लंबक गेला. उताराच्या पाटावरून घरंगळणाऱ्या चेंडूचं संथ चित्रण करून बघायचं आहे; सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात लगतच्या दोन चित्रांमध्ये सुमारे ४ हजारांश सेकंद, म्हणजे मोजपट्टी शेजारी ठेवून वेग थेट वाचता येईल.

चुंबकत्वासाठी तयारी बाकी आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं आणि प्रयोगशाळेची टेबलं लोखंडी पायांची. आज नुसता फोन टेबलावरून सरकवला तर आकडा जागोजागी उड्या मारत होता. लाकडी बाक आणावे लागतील आणि चुंबकाचं झाकण असलेली सगळी कव्हरं काढून ठेवावी लागतील. फोन क्रमांक ४ ची बॅटरी तासभरही टिकत नाही. तो पाण्याच्या थेंबासाठी राखून ठेवला.